तुर्शीच्या ड्रमाचं चिलखत

मी घाबरण्याचा पगार घेतो. हे विनोदाने सांगत नाही. शुऐब्याच्या एका कारखान्यात मी सेफ्टीवाला आहे. कुठली शिडी कधी सरकेल, कुठला व्हॉल्व्ह कोणाच्या अंगावर उडेल हे इतरांच्या आधी मला सुचलं पाहिजे, आणि सुचल्याबरोबर पोटात गोळा आला पाहिजे, एवढीच माझी पात्रता. आमच्या खात्यात निर्धास्त माणसाला नालायक समजतात. घरी मात्र या गुणाचं चीज होत नाही. बायको देवयानी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. ती दिवसभर इतकं काय काय पाहून येते, की गॅस बंद केलास का असं मी पुन्हा विचारलं तर ती उत्तरच देत नाही.

अशा माणसाने चिलखत बनवायला घेऊ नये. पण घेतलं, आणि तेही कुवेतमध्ये.

झालं असं, की इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक संमेलनात मुलांचं नाटक होतं. परग्रहावरची सेनापती पृथ्वीवर येते, असं काहीतरी. सेनापती म्हणजे आमची रसिका. ही बारा वर्षांची मुलगी इथेच जन्मली. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि समोरच्याला सगळं समजलं असं दोघंही धरून चालतो. तिने सेनापतीची मराठी भाषणं पाठ केली, ती आरशासमोर उभी राहून म्हटली, तेव्हा मी दाराआड उभा राहून डोळे पुसले. पण तिची एक अट होती.

"नो कार्डबोर्ड, बाबा."

मागच्या वर्षी ती रोबो झाली होती. पुठ्ठ्याचा हात भर रंगमंचावर गळून पडला आणि अख्खं सभागृह हसलं. चांगल्या मनाने हसलं, पण हसलं. परतताना गाडीत ती म्हणाली होती की आता पुन्हा कधीच नाही. त्यामुळे या वेळी चिलखत खरं हवं. हात पडता कामा नये. मी वचन दिलं. पुठ्ठा असेल तर ती स्टेजवर जाणार नव्हती, आणि या वेळी गेली नाही तर तिचं मराठीही त्याबरोबर गेलं, हे तिने न सांगता मला कळत होतं.

तयार चिलखतं ऑनलाइन मिळतात. त्यांची किंमत पाहून मी फोन पालथा ठेवला आणि माणसाने आपल्या हाताने काहीतरी करावं, या विषयावर देवयानीला थोडं बोललो.

"करा. पण माझ्या पातेल्यांना हात लावायचा नाही," ती म्हणाली.

माझी पहिली भीती कायद्याची. परक्या देशात चिलखत चढवून हिंडणं कितपत बरं? तलवार नाही, बंदूक नाही, पण हेल्मेट आहे, आणि चेहरा दिसत नाही. मी आमच्या कंपनीच्या मंदूबला विचारलं. मंदूब म्हणजे सगळ्यांच्या इकाम्याचे, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचे, कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांत फिरणारा माणूस. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचा फॉर्म असतो. चिलखताचा नव्हता. लहान मुलीने प्लास्टिकचं चिलखत घालायला कुणाची परवानगी लागते, हे तीन वेळा ऐकून घेऊन तो म्हणाला, "साब, पूछोगे तो कोई ना कोई मना कर देगा. मत पूछो." माझ्यासारख्याला हे उत्तर म्हणजे झोप उडवण्याचं साधन. फॉर्म असता आणि नामंजूर झाला असता, तरी मी जास्त शांत झोपलो असतो.

दुसरी भीती सामानाची. त्यासाठी मी अम्गऱ्याला गेलो. तिथे भंगाराच्या वाड्यांमध्ये जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या अवस्थेत सापडते. तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये लवू काम करतो. हा कुडाळकडचा. गेटं आणि पाट्या बनवतो, आणि गावी असताना दशावतारात राक्षसाचे खांदे आणि मुकुट बनवायचा, असं त्याने पहिल्या भेटीतच सांगितलं. त्याने एक निळा प्लास्टिकचा ड्रम ओढून काढला आणि त्यावर थाप मारली.

"सायबानू, ह्येचा चिलखत करूया. कापूक सोपा, मोडूचा नाय."

"यात आधी काय होतं?" मी विचारलं. हा प्रश्न मी कारखान्यातही सगळ्यात आधी विचारतो.

"तुर्शी. इथली लोणची, सलगमाची. खावची वस्तू. तुमच्या चेडवाक काय्येक होवचा नाय."

ड्रममध्ये तोंड घालून पाहिलं तर आंबट वासाने डोळ्यांत पाणी आलं. विषारी नाही एवढ्यावर मी समाधान मानलं. इथे माझी चूक झाली. ज्या वासाने माणूस मरत नाही, त्या वासाने काहीच होत नाही, असं आम्ही सेफ्टीवाले समजतो.

लवूने ड्रम उभा चिरून त्याचे तुकडे केले. खांदे मात्र त्याने स्वतःच्या मनाने कापले. एवढे मोठे कशाला, असं विचारल्यावर तो म्हणाला, "सेनापती नाय? मग खांदे होये." त्या खांद्यांत रसिका दारातून सरळ जाऊ शकत नव्हती, आडवी होऊनच जायची. बाकीचं काम मी घरी, बाथरूममध्ये केलं. प्लास्टिक गरम हवेच्या गनने तापवायचं आणि मऊ झालं की वाकवायचं. पायाच्या नळीसाठी साचा म्हणून पीव्हीसी पाइप वापरला, पोटासाठी रिकामा गॅस सिलिंडर, आणि हेल्मेटसाठी, देवयानी ड्यूटीवर असताना, तिचं पातेलं. पातेल्याचा तळ निळा झाला. मी ते मांडणीत मागच्या बाजूला उलटं लावून ठेवलं आणि अजून तरी त्याचा विषय निघालेला नाही.

प्लास्टिक तापलं की आतली तुर्शी पुन्हा जागी व्हायची. तो वास एक्झॉस्टमधून शाफ्टमध्ये जायचा, आणि शाफ्टमधून मंगाफच्या आमच्या इमारतीतल्या प्रत्येक बाथरूममध्ये. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला आमच्या बाथरूमपुरतीच काळजी होती.

चंदेरी रंग मारला तर तो बसेना. या प्लास्टिकवर कुठलाच रंग धरत नाही, हे कळायला दोन डबे संपले. रसिका हलली की अंगावरून चंदेरी खपल्या गळायच्या. तिच्या मते परग्रहावर निळं चिलखतच शोभतं, म्हणून तो प्रश्न मिटला. व्हॅक्यूम क्लीनरची नळी हेल्मेटपासून पाठीपर्यंत लावली, श्वासाची म्हणून. त्या दिवशी छाती, पाठ, खांदे, सगळं पहिल्यांदा एकमेकांत नीट बसलं. तिने उड्या मारल्या, हात वर केले, जमिनीवर लोळली. काही पडलं नाही. मला इतका आनंद झाला की मी लिफ्टमध्येच लवूला फोन लावला.

"लवू, आज काय भट्टी जमली रे! एकदम जमली. अजून अर्धा ड्रम मिळेल का?"

लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटचे अरुणकुमार होते. आंध्रकडचे, बँकेत नोकरीला, कायम हसतमुख. मराठीत भट्टी जमली म्हणजे काम मनासारखं जुळून आलं, हे त्यांना कुणी सांगणार? त्यांना हिंदी येत होतं, आणि हिंदीत भट्टी म्हणजे भट्टी.

ज्या वाचकाला कुवेतचा कायदा माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. इथे दारू बंद. विकणं बंद, पिणं बंद, आणि घरात गाळणं तर असं बंद, की सापडलेला माणूस सामानही न आवरता विमानात बसतो. तो, त्याची बायको, त्याची मुलं, त्यांच्या नोकऱ्या, शाळा, सगळं. ही भीती इथल्या प्रत्येक भारतीयाच्या पोटात कायम असते. माझ्या पोटात तर तिच्यासाठी स्वतंत्र खोली आहे.

दुसऱ्या दिवशी अरुणकुमार मैसूरपाकचा डबा घेऊन घरी आले. एरवी दिवाळीलाही न येणारा माणूस. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"सार, सुना आप घर में बनाता है."

मी लाजलो. कलावंताला कौतुक कळतं. "हां, थोडा थोडा. पहली बार है."

"स्ट्राँग है?"

"एकदम स्ट्राँग! गाड़ी ऊपर से जाएगा तो भी कुछ नहीं होगा."

ते थोडे चमकले. "टेस्ट कौन किया?"

"बेटी ने. रोज शाम को ट्राय करती है."

"बेटी ने?" मैसूरपाकचा तुकडा त्यांच्या हातात तसाच राहिला.

"हां. पहले पहले उसको टाइट होता था. अभी आदत हो गया."

"और मॅडम?"

"मॅडम बोलती है, बास आता है, बाथरूम में करो. इसलिए बाथरूम में करता हूं."

अरुणकुमारांनी मैसूरपाकचा तुकडा परत डब्यात ठेवला. मग त्यांच्यातल्या धास्तीवर त्यांच्यातलं गिऱ्हाईक हळूहळू वर आलं. "सार, थर्टी फर्स्ट के लिए छोटा साइज में मिलेगा? दो?"

दोन मुलं असतील त्यांच्या कुणा भावाची, असं मला वाटलं. "अभी ऑर्डर नहीं लेता. पहले इसका शो हो जाने दो."

"शो!" असं म्हणून ते उठले आणि जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी दाबला.

त्यानंतर इमारतीत माझा मान वाढला. लोक लिफ्ट धरून ठेवू लागले. तळमजल्यावरच्या एका गृहस्थाने, ज्याने माझ्या नमस्काराला कधी उत्तर दिलं नव्हतं, मला स्वतःची पार्किंगची जागा देऊ केली. कासमचं मात्र उलट झालं. कासम आमचा हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, बांगलादेशचा. मी हातांसाठी दुसरा अर्धा ड्रम आणला तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "साब, ड्रम दिन में मत लाओ. मेरा भी बालबच्चा है." प्लास्टिक वाहायला बालबच्चे कशाला आड येतात, ते मला कळेना. मी त्याला म्हटलं, घाबरू नको, मी सेफ्टीवाला आहे. तो आणखी घाबरला.

संमेलनाच्या आदल्या दिवशी देवयानी ड्यूटीवरून आली. पर्स खाली न ठेवताच तिने बाथरूमकडे पाहिलं.

"अहो, अरुणकुमारांच्या मिसेस आज ओपीडीत भेटल्या. माझा हात धरून रडल्या. म्हणाल्या, मिस्टरांना समजवा, लेकराला तरी देऊ नका."

"काय देऊ नका?"

"दारू! अख्खी बिल्डिंग म्हणते तुम्ही घरात दारू गाळता."

मी खाली बसलो. खुर्ची नव्हती, तरी बसलो. मग एकेक गोष्ट डोळ्यांपुढे यायला लागली. निळा ड्रम. आंबट वास. बाथरूममध्ये तापणारं काहीतरी. नळी. पातेलं. भट्टी. कारखान्यात असा पुरावा माझ्यासमोर आला असता, तर मी एका मिनिटात माणसाला दोषी ठरवून चहा प्यायला गेलो असतो. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला त्या रात्री शरीरानेच समजलं.

मी अरुणकुमारांकडे धावलो. दारातच म्हटलं, "आप जो समझ रहे हो, वो बात नहीं है."

त्यांनी डोळा मारला. "बिलकुल नहीं है, सार. मैं कुछ सुना ही नहीं." आणि दार लावलं.

आता काय करायचं? सगळ्यांना जाऊन सांगावं, की मी दारू गाळत नाही? असं आपणहून सांगत फिरणाऱ्या माणसाइतका संशयित दुसरा कोण! फेकून द्यावं म्हटलं, तर कचराकुंडीपाशी कॅमेरा. ठेवावं, तर घरात पुरावा. शेवटी मी करवत उचलली. बारीक बारीक तुकडे करून पिशव्यांतून शुऐब्याला न्यायचे, असं ठरवलं. चिलखताच्या खांद्याला करवत लावली तेव्हा रसिका दारात उभी होती.

"यू प्रॉमिस्ड, बाबा."

"अगं, पोलीस आले तर? आपल्याला परत पाठवतील. तुझी शाळा, आईची नोकरी..."

ती रडली नाही, भांडली नाही. "ओके," म्हणाली आणि खोलीत जाऊन सेनापतीच्या भाषणांचा कागद घेऊन आली, माझ्या हातात दिला. घडी घालून दिला. मला तो घेता येईना आणि परतही देता येईना.

देवयानीने माझ्या हातातून करवत काढून घेतली. "उद्या दुपारपर्यंत कोणी येत नाही. नाटक झालं की हवं तिथे फेका. आता झोपा." झोपा म्हणणं सोपं असतं.

शुक्रवारी देवयानी ड्यूटीवरून परस्पर हॉलवर येणार होती. रसिकाला घरूनच चिलखत चढवून न्यायचं ठरलं, कारण लवूने जोडलेले पट्टे आवळायला तास लागायचा. तिला गाडीत आडवी बसवावी लागणार, म्हणून मी गाडी इमारतीच्या दारातच लावून ठेवली, धोक्याचे दिवे चालू ठेवून. वर आलो, पट्टे आवळले, हेल्मेट घातलं. सेनापती तयार झाली. आणि बेल वाजली.

दाराच्या भोकातून मी पाहिलं. पोलिसाची टोपी. मागे कासम, तोंड पांढरंफटक.

मी चपलांच्या कपाटाला धरून उभा राहिलो. बोललो तर बाहेर ऐकू जाईल. दार उघडू नको, हे सांगायला मी हात हलवला. रसिकाला वाटलं, उघड म्हणतोय. ती आडवी होऊन पुढे गेली आणि तिने दार उघडलं.

पोलीस एक पाऊल मागे सरला. त्याचा हात कमरेकडे गेला. मी डोळे मिटले.

"शिनू हाद्दा?" तो म्हणाला. हे काय आहे?

हेल्मेटच्या आतून रसिकाचा शाळेतला अरबी आवाज आला, ताठ आणि स्पष्ट. "हाद्दा दिरअ."

मला फक्त दिरा ऐकू आलं. या घरात दीर कुठून आला? मला भाऊच नाही! मग लक्षात आलं की अरबीत चिलखताला तसंच काहीतरी म्हणत असतील. पोलिसाने तिच्या खांद्यावर टकटक केलं. मग वाकून हुंगलं. माझ्या आयुष्यात मी कोणाचं नाक इतक्या बारकाईने पाहिलेलं नाही.

त्याने माझ्याकडे बघितलं. इंग्रजीत विचारलं, "यू मेक धिस?"

आणि मी म्हणालो, "नो सर. नॉट मी. आय डोंट नो हू मेक. नॉट माइन, सर." मी थांबलोच नाही. त्याने ही मुलगी तुझी का असं विचारलं असतं, तरी मी नाही म्हटलं असतं. बोटं प्लास्टिकने भाजलेली, नखांत चंदेरी रंग, आणि हा माणूस म्हणतोय, मला माहीत नाही कोणी बनवलं.

पोलिसाने तोच प्रश्न तिला केला. तिने हेल्मेट माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "उबूय."

एवढं अरबी मला येतं. माझे वडील.

तो माझ्या नखांकडे बघून हसला. अगदी पोरगेलाच होता, मिशीही नीट फुटलेली नव्हती. "सय्यारा," तो म्हणाला, "व्हाइट कार. डाउन. मूव्ह इट." एवढंच. दारात लावलेल्या माझ्या गाडीसाठी तो वर आला होता. कासमसह तो लिफ्टकडे वळला.

मी दार लोटलं आणि भिंतीला टेकलो. रसिकाने दोन्ही हातांनी हेल्मेट काढलं. तिचा चेहरा ओला होता. नाक, डोळे, हनुवटी, सगळं. ती केव्हापासून रडत होती, मला कळलंच नव्हतं.

"बाबा, तू नाही का म्हटलास?" ती मराठीत म्हणाली.

"घाबरलो गं."

"मी पण घाबरले होते. खूप." तिने चिलखताच्या हाताने नाक पुसलं, ते पुसलं गेलं नाही. "पण मी खरं सांगितलं."

मी दार उघडलं आणि अनवाणी धावलो. लिफ्टची दारं मिटत होती. मी मध्ये हात घातला. असा हात कधीही घालू नये, असं मी लोकांना शिकवतो.

"सर! मैंने बनाया है!" मी ओरडलो. "सब मैंने बनाया है! घर में! बाथरूम में! अपने हाथ से!"

सगळ्या मजल्यावर दारांची कुलपं खडखडली. अरुणकुमारांचं दार फटीएवढं उघडलं, आतून "अय्यो" असं काहीतरी ऐकू आलं आणि दार बंद होऊन कड्या लागल्या. कासमने डोळे मिटून घेतले होते आणि तो ओठ हलवत होता. पोलिसाने अंगठा वर केला.

"झेन," तो म्हणाला. छान. "नाऊ मूव्ह द कार."

दारं मिटली. मागे वळलो तर रसिका आडवी होऊन दारातून बाहेर येत होती, हेल्मेट काखेत.

"ओरडायची गरज नव्हती, बाबा," ती म्हणाली. "पण मला बरं वाटलं."

तिने प्लास्टिकचा हात पुढे केला, मी तो धरला, आणि आम्ही जिन्याने खाली निघालो, ती आडवी आणि मी अनवाणी.